जंगलाचा पडदा

शालूचं बारसं झालं ते साल अठ्ठावन्न, महिना चैत्राचा. भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली भट्टी अजून पेटायची होती. आम्ही कॅम्प-दोनमध्ये राहत होतो. बांबूच्या चटईच्या भिंती, त्यावर मातीचा लेप, डोक्यावर टिन. शालूचे बाबा, सुखराम, खलाशी होते. लोखंडाचे गर्डर साखळी-कप्पीनं वर चढवायचे हे त्यांच्या टोळीचं काम. बारशाला गावाकडून एकच माणूस आला. माझा धाकटा दीर, तेजराम.

सासूबाई आदल्या पावसाळ्यात गेल्या होत्या. गावात त्याला भात रांधून द्यायला कोणी उरलं नव्हतं. म्हणून शालूच्या बाबांनी निरोप धाडला होता, बारशाला ये आणि इथंच राहा. तो आला तो काखेत एक गाठोडं घेऊन. मला वाटलं, पोरीचं अंगडं-टोपडं असेल. सोडून पाहिलं तर पळसाच्या मुळ्या ठेचून केलेले कुंचे, रंग कालवायच्या सरसाचे तुकडे आणि रंगीत मातीच्या पुरचुंड्या.

"काय गा भाऊजी," मी म्हटलं, "पुतणीले टोपडं नाही, झबलं नाही. माती आणली?"

"जरा दम धर ना वयनी," तो म्हणाला. "टोपडं दोन महिन्यात फाटून जाते."

त्यानं पाळण्यामागची भिंत मागून घेतली. बारशाच्या दिवशी बायका पाळणा म्हणायला आल्या त्या दारातच थबकल्या. भिंतीवर जंगल उभं होतं. मोह, तेंदू, बिजा, खाली जाळ्या, आणि मधून एक गाडीवाट. ती वळून कुठं जाते ते दिसत नव्हतं, पण कुठंतरी जाते हे कळत होतं. शेजारच्या सिंधुताईनं पदर तोंडाला लावला.

"रंभा, यातून वाघ तर नाही ना वो निंगत?"

"निंगला तर तुमच्याच घरी धाडतो सिंधुताई," तेजराम म्हणाला. "तुमच्या घरी बोकड्याचं रोजच शिजते म्हणतात."

बायका हसल्या. तेव्हापासून कॅम्पात तो सगळ्यांचा देवर झाला.

त्याचं काम काय होतं ते सांगायला हवं. आमच्या झाडीत, म्हणजे साकोलीच्या पलीकडच्या धानाच्या आणि जंगलाच्या मुलखात, दिवाळी सरली की गावोगाव मंडई भरते आणि मंडईत नाटक होतं. नाटकाला तीन पडदे तरी लागतात. एक महालाचा, एक रस्त्याचा, एक जंगलाचा. तेजराम मिसरूड फुटायच्या आधी कवडू पेंटरच्या हाताखाली गेला. महाल आणि रस्ते त्याला कधी साधले नाहीत. त्याचे खांब वाकडे यायचे, जसे काही त्यांनाही फांद्या फुटायच्या आहेत. कवडू पेंटर वैतागला आणि त्याला जंगलाला लावलं. पुढे लोकच म्हणायला लागले की महाल कोणाकडूनही काढा, जंगल तेजरामकडून काढा.

जंगल काढायची त्याची रीत होती. ज्या झाडाखाली बसला नाही ते झाड तो काढत नसे. बसायचंही कसं, तर झाडाकडे पाठ करून, खोडाला टेकून. कधी सकाळभर बसे, कधी दिवसभर. पाहायचा नाही, नुसता बसायचा.

"झाडाकडं तोंड करून बसलं का पानंच दिसतात," असं तो मला सांगायचा. "पाठ टेकली का झाड समजते."

"मंग लगन बी झाडासंगच लावून देऊ का तुह्यं?"

"दे लावून. हुंडा नको, मानपान नको. रुसली तरी माहेरी जात नाही."

भिलाईत आल्यावर मात्र त्याचं मन लागेना. इथं बसायला झाड नव्हतं. कारखान्याची जागा, क्वार्टरांच्या सेक्टरांची जागा, सगळी सपाट करून ठेवली होती. उन्हाळ्यात लाल धूळ, पावसाळ्यात लाल चिखल. शालूच्या बाबांनी त्याला आपल्या टोळीत घेतलं, पण उंचावर त्याला भोवळ यायची. एक दिवस कोणीतरी खबर आणली की राजहऱ्याच्या डोंगरात, जिथून भट्टीसाठी लोखंडाचा दगड निघणार होता, तिथं सर्वेच्या साहेबाला झाडांवर नंबर टाकणारा माणूस पाहिजे आहे. खोडाची साल थोडी तासायची आणि त्या जागी पांढऱ्या रंगानं आकडा लिहायचा. तेजरामला अक्षर येत नव्हतं. पण आकडे त्याला वाचायचे कुठं होते, काढायचेच होते. साहेबानं कागदावर आकडे काढून दाखवले, त्यानं चार-दोनदा गिरवले आणि त्याला काम मिळालं.

तो हरखून गेला. दिवसभर जंगलात, आणि हाती कुंचा. त्याहून त्याला आणखी एका गोष्टीचा आनंद होता, आणि ती नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

आमच्या गावाकडे मालगुजारांच्या काळापासून नंबरी झाड म्हणजे राखलेलं झाड. ज्या झाडावर आकडा, त्याला कुऱ्हाड लावली की माणूस चौकीत जायचा. लाकूडचोर आधी रात्रीतून आकडा तासून टाकत आणि मग झाड पाडत. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तेव्हा साहेब चांगल्या-चांगल्या, जाड बुंध्याच्या झाडांवर नंबर टाकायला सांगतो आहे हे पाहून तेजरामनं काय समजायचं? तो समजला, दगड काढतील, पण मोठी झाडं राखतील. आम्हीही तेच समजलो. आम्हा झाडीवाल्यांत कोणाच्याच मनात दुसरं आलं नाही.

रविवार धरून तो कधी खाणीच्या ट्रकवर बसून यायचा. अंगाला, कपड्यांना, पापण्यांनाही त्या डोंगराची लाल माती. मी पाणी तापवून द्यायची आणि आंघोळीचं लाल पाणी तो फेकू द्यायचा नाही. हंड्यात ठेवून द्यायचा. खाली माती बसली की वरचं पाणी ओतून ती वाळवायची, पुरचुंडी बांधायची.

"या गेरूसारखा गेरू मी जलमात पाहिला नाही," म्हणायचा. "डोंगर काढाचा तर डोंगराच्याच मातीनं."

एका खेपेला तो फार खुशीत होता. एका टेकाडावर पाच-सहा घरांची गोंडांची वस्ती होती, आणि वस्तीच्या वर एक मोहाचं झाड. असा मोह त्यानं आमच्या अख्ख्या झाडीत पाहिला नव्हता. खाली एक म्हातारी मोहफुलं वेचत होती. त्यानं साल तासली तशी ती टोपली टाकून धावत आली.

"मले विचारते, का लिखथस बेटा? मी म्हटलं, दाई, नंबर लिहून राहिलो. सरकारी नंबर होय. आता तुह्या झाडाले कोनी हात नाही लावत."

"तुले समजली तिची बोली?"

"अर्धी समजली. अर्धं तिनं हातावर मोह ठेवून समजावलं." त्यानं खिशातून सुकलेली फुलं काढून शालूच्या मुठीत दिली. "तिच्या सासूच्या सासूच्या वक्ताचं झाड होय म्हणे. मी दिवसभर टेकून बसलो वयनी. साहेब बोंबलत होता खालून."

एकोणसाठच्या पावसाळ्यात सर्वेचं काम थांबलं आणि तो घरी आला. त्याच पावसाळ्यात आमच्या लोकांनी ठरवलं की यंदा दिवाळीनंतर कॅम्पातच मंडई भरवायची, नाटकासकट. साकोली, लाखांदूर, पवनी, अर्जुनी, सगळीकडची माणसं भिलाईत आली होती, आणि दोन वर्षांत कोणी मंडई पाहिली नव्हती. मंडळीचे मालक भाऊराव. स्टोअरमध्ये कामाला, आवाज असा की दोन लाइनी पलीकडे ऐकू जावा. नाटक एका राजाच्या वनवासाचं. राजा झाले शालूचे बाबा. आणि पडद्याचा शब्दही त्यांनीच देऊन टाकला. भर बैठकीत म्हणाले, "महालाचा अन रस्त्याचा दुसऱ्या कोनाकडून घ्या. जंगलाचा माहा भाऊ काढते. असा काढते का लोक गावाकडचा रस्ता इचारतीन."

कॅम्पाच्या टोकाला एक टिनाचं शेड होतं. तिथं मांजरपाटाच्या पट्ट्या मी आणि सिंधुताईनं जोडून शिवल्या. तेजरामनं खडूचं अस्तर चढवलं, सरस शिजवला. त्या वासानं शेजारचे लोक नाक दाबून शिव्या द्यायचे. अडीच महिने तो त्या शेडात होता. मी दुपारचा डबा घेऊन जायची आणि कडेवरची शालू पडद्याकडे हात करून खाली उतरायला धडपडायची. तिला त्या गाडीवाटेनं चालत जायचं असायचं. खरंच तसा होता तो पडदा. राजहऱ्याचा सगळा उतार त्यानं आणला होता, त्याच लाल मातीवर, आणि मधोमध तो मोह. पडद्यापुढे उभं राहिलं की अंगाला गार लागायचं. हे मी वाढवून सांगत नाही. सिंधुताईनंही तसंच म्हटलं होतं.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा मंडळी पडदा पाहायला आली. मी डबा घेऊन तिथंच होते. सगळे गप्प झाले. भाऊरावही गप्प झाले, जे सहसा होत नसे. मग ते पुढे झाले, वाकले, मोहाच्या खोडावर बोट ठेवलं.

"हे काय होय?"

"नंबर," तेजराम म्हणाला.

मोठ्या झाडांच्या खोडांवर, तासलेल्या जागी, बारीक पांढरे आकडे होते. लांबून कळत नव्हते.

"राजा वनवासात जाते हजारो वर्साच्या आधी," भाऊराव म्हणाले. "त्या टाइमले झाडावर नंबर कोनं टाकले? राजाच्या बापानं?"

मंडळी खदखदली. तेजराम हसला नाही.

"मी पाहिलं ते काढलं."

"मंग साहेब बी पाहिला असन. त्याची टोपी कावून नाही काढली?"

"तेज्या," शालूचे बाबा म्हणाले, "पुसून टाक ना गा. कोनाले दिसते नंबर?"

"दिसत नाही तं राहू दे ना दादा."

"लोक हासतीन. मी राजा होऊन उभा राहीन अन मांगं नंबर."

"नंबर पुसाचं काम चोराचं होय," तेजराम म्हणाला. "हे झाडं राखलेले होयेत. म्हणूनच मी हे काढले. आपल्या लोकाइले पाहू दे, एवढं जंगल आता कोनी तोडत नाही म्हणून."

त्याच्या मनात काय होतं ते मला त्या दिवशी कळलं. त्याला नाटकासाठी पडदा काढायचा नव्हता. सपाट करून टाकलेल्या जागी राहणाऱ्या आपल्या माणसांना त्याला सांगायचं होतं की सगळंच गेलेलं नाही.

भाऊराव जाता-जाता म्हणाले, "सुखराम, शब्द तू देल्ला होता. तूच पाहा." आणि हे ते चार माणसांदेखत म्हणाले.

दोन दिवस भाऊ-भाऊ एका ताटलीत जेवले नाहीत. एरवी जेवायचे. तिसऱ्या दिवशी तेजराम सुपेल्याच्या बाजारात सरस आणायला गेला, आणि शालूचे बाबा पहिली पाळी करून तसेच शेडाकडे गेले. मी डबा घेऊन पोचले तेव्हा ते पडद्यापुढे उभे होते. हातात ओलं फडकं.

प्लांटमध्ये ते ऑइलपेंटचं काम पाहत आले होते. गर्डरवर धूळ बसली, खूण चुकीची लागली, की फडकं मारायचं, खालचा रंग कुठं जात नाही. त्यांना वाटलं, आकडा तेवढा निघेल. सगळ्यात मोठं झाड म्हणून मोहापासून सुरुवात केली. पहिल्याच पुसण्यात आकडा विरघळला, त्याच्यासोबत साल विरघळली. तो डाग नीट करायला त्यांनी आणखी पुसलं. आता मोहाच्या जागी वरपासून खालपर्यंत लाल गढूळ ओघळ होता. वर फांद्या तशाच, पानं तशीच, आणि खाली खोड नाही.

ते माझ्याकडे पाहून म्हणाले, "रंभा, मी नंबरच पुसत होतो वो."

तेवढ्यात तेजराम आला. त्यानं पाहिलं, सरसाची पुडी खाली ठेवली, जवळ गेला, ओघळावर बोट फिरवलं.

"पानी लावलं का दादा?"

"जरासंच."

"सरसाचा रंग होय हा. पान्यानं बसते, पान्यानंच जाते." आवाज चढलेला नव्हता. "तुले कसं मालूम राहीन."

शालूचे बाबा म्हणाले, "मंडईले अजून टाइम हाय. काढ ना इथंच बसून. तुले डोये मिटून यीन ते झाड."

"अंदाजानं काढलेलं झाड उभं राहत नाही दादा. लोंबते." त्यानं कुंचे धुऊन ठेवले. "मी राजहऱ्याले जातो. एक दिवस त्याच्याखाली बसतो अन येतो. मंडईच्या आधी येतो."

"दिवाळी होय परवा," मी म्हटलं. "दिवाळी करून जा."

"आलो का करू ना वयनी. करंज्या झाकून ठेव. दादाले नको दाखवू."

शालूचे बाबा थोडंसं हसले. तेवढ्यावर मिटलं असं मला वाटलं.

दिवाळी गेली. भाऊबीज गेली. तो आला नाही. मंडईच्या दिवशी सकाळी बाजाच्या लोकांनी डफ तापवायला शेकोटी पेटवली होती, तेव्हा तो आला. कांबळं अंगभर गुंडाळलेलं, ओठ काळे पडलेले. हात लावला तर चुलीसारखा तापलेला. मी खाटेवर टाकायला लागले तर म्हणाला, "आधी शेडात." शालूचे बाबा त्याला धरून घेऊन गेले, मी मागोमाग. भाऊराव तिथंच होते.

"आला का बाप्पा एकदाचा," ते म्हणाले. "चाल, लाग कामाले. किती टाइम लागन एका झाडाले?"

तेजराम खाली बसला आणि माझ्याकडे पाहून बोलायला लागला, जसे बाकीचे तिथं नव्हतेच.

"सगळे नंबरी झाडं पडले वयनी. पानी थांबल्याबरोबर ठेकेदाराचे लोक आले म्हणे. ज्याच्यावर नंबर होय ते पाडाचं, ज्याच्यावर नाही ते सोडाचं, असा हुकूम होता. लाकडं रचून ठेवले हायेत. त्याइच्यावर माहे नंबर तसेच्या तसे. एक बी पुसला नाही."



"अन मोह?" मी विचारलं.

"थूट हाय. त्याले पाठ टेकत नाही. कमरेइतकंच असते थूट."

"म्हातारी?"

"होती ना. थुटापाशीच बसून राहते दिवसभर. मले पाहिलं अन म्हणते, तैं तो कहे रेहे बेटा. तू तर म्हटलं होतं. एवढंच म्हणाली. शिव्या देल्ल्या असत्या तं बरं झालं असतं. मंग घरात गेली अन माह्यासाठी बासी, रातचा पान्यात भिजवला भात, घेऊन आली. मी खाल्ली वयनी. तिच्या हातची खाल्ली. मंग मी बी तिथंच बसून राहिलो. घरी याचं मनातच नाही आलं."

किती दिवस बसला, कुठं निजला, काही सांगितलं नाही. कार्तिकातलं दव आणि त्या डोंगरातले डास, बिनछपराचं. अंगात ताप तिथंच भरला.

मग तो उठला. बादलीत पाणी होतं. त्यानं फडकं बुडवलं, पिळलं आणि पडद्यावरच्या तेंदूला लावलं. आकडा गेला, खोड गेलं. मग फांद्या पुसल्या, मग पानं, अगदी टोकापर्यंत. खालच्या खडूच्या अस्तराला लाल झाक तेवढी राहिली. मग शेजारचा बिजा.

"अबे, पागल झाला का?" भाऊराव पुढे झाले. "रात्री नाटक होय. सुखराम, धर त्याले."

शालूच्या बाबांनी त्याला धरलं नाही. त्यांनी बादली उचलली. "भाऊराव, तुम्ही चूप बसा," म्हणाले, आणि तेजरामच्या मागोमाग बादली घेऊन सरकत राहिले. पाणी लाल झालं की बाहेर ओतून नवं आणायचे. एका झाडापाशी तेजरामचा हात वर पोचेना तर त्यांनी विचारलं, "हे बी?"

"नंबर हाय ना त्याच्यावर?"

"हाय."

"मंग ते बी."

शालूच्या बाबांनी फडकं घेतलं आणि ते झाड स्वतः पुसलं. शेवटी तेजरामनं मोहाच्या फांद्या पुसल्या, ज्या दहा-बारा दिवसांपासून खोडावाचून वर राहिल्या होत्या. पडद्यावर आता लाल उतार होता, ती गाडीवाट होती, आणि इकडेतिकडे काही किरकोळ झुडपं, ज्यांना कोणी नंबर टाकला नव्हता.

दुसरा पडदा मिळणार नव्हता. तोच टांगला. नाटक सुरू झालं तेव्हा मैदान भरलेलं होतं. महालाचा पडदा वर गेला, राजा वनवासाला निघाला आणि मागे तो पडदा सुटला. शालूच्या बाबांना बोलायचं होतं की राणी, हे अरण्य इतकं दाट आहे की इथं सूर्याचा किरण शिरत नाही. ते त्यांनी म्हटलंही. मागच्या बाजूनं कोणीतरी ओरडलं, "महाराज, हे तर आपला कॅम्प-दोन होय." मैदान हसलं. मीही बायकांत बसून ऐकलं. शालूचे बाबा पुढचं विसरले. आतून भाऊराव शब्द देत होते, आम्हाला समोर ऐकू येत होते, पण ते तसेच उभे.

तेव्हा पुढच्या रांगेतला एक म्हातारा, लाखांदूरकडचा, हातातली चिलीम खाली करून सरळ विचारता झाला, "झाडं कुठं गेले गा?"

"पाडले," राजा म्हणाला.

हे नाटकात नव्हतं. मग कोणी हसलं नाही. थोड्या वेळानं पेटी वाजली आणि नाटक पुढे गेलं. लोक शेवटपर्यंत बसले. शालूचे बाबा त्यानंतर कधी तोंडाला रंग लावून उभे राहिले नाहीत. भाऊराव पुष्कळदा बोलवायला आले, तरी नाही.

तेजरामच्या तापाला डॉक्टरांनी हिवताप म्हटलं. कडू गोळ्या दिल्या. ताप जायचा, चार दिवस तो अंगणात बसायचा, शालूला खेळवायचा, आणि पुन्हा थंडी वाजून भरायचा. दर खेपेला माणूस थोडा कमी होऊन उठायचा. शालूचे बाबा कामावरून येऊन त्याचे पाय दाबायचे. दोघं फारसं बोलत नसत. एकदा मी ऐकलं, शालूचे बाबा म्हणाले, "मी पुसलं नसतं तं तू गेला नसता." तेजराम म्हणाला, "गेलो नसतो तं मी आणखी नंबर टाकत राहिलो असतो दादा. आता बोलू नको त्याच्यावर."

पौष लागला आणि त्याला खाटेवर पडवेना. बारशाला काढलेलं जंगल त्या भिंतीवर अजून होतं. धुरानं काळवंडलं होतं, पण होतं. त्या झाडांवर नंबर नव्हते. ती त्यानं गावाकडची झाडं काढली होती, राजहरा पाहायच्या आधीची. तो म्हणाला, "वयनी, मले तिथं बसव. पाठ टेकू दे." आम्ही पाळणा सरकवला, गोधडी घातली आणि त्याला भिंतीशी बसवलं. त्याचं डोकं बरोबर मोहाच्या खोडापाशी आलं. त्यानंतर तो तिथून हलला नाही. जेवण तिथं, झोप तिथं. शालू मांडीवर येऊन बसायची आणि मागच्या गाडीवाटेवर बोट फिरवत राहायची.

पुढे आम्हाला सेक्टरात क्वार्टर मिळालं आणि कॅम्पातली ती खोली पाडली. भिंत मातीची होती, मातीत गेली. पडदा भाऊरावांनी बांबूला गुंडाळून घरी आणून दिला. म्हणाले, "हा आता कशाचाच पडदा नाही. तुमच्याजवळच राहू द्या." काही वर्षांनी मी त्याची वाकळ शिवली. कितीही धुतली तरी लाल पाणी सुटायचं थांबलं नाही. पुढे स्मृती नगरातल्या घरी शालूच्या पोरांनी मला म्हातारपणी पाटीवर आकडे आणि अक्षरं शिकवली. एक दिवस वाकळ उलटी वाळत घातली होती. कापडाच्या मागच्या बाजूला रंग पाझरून गेला होता, तो पुसला गेला नव्हता. तिथं उलटा, फिकट, दोन-एक-सात लिहिलेलं होतं. मी पोरांना विचारलं नाही. मलाच वाचता आलं.

माझा दीर तेजराम एकोणीसशे साठ साली, पौष महिन्यात, भोगीच्या दिवशी सकाळी, भिंतीला पाठ टेकून बसलेला असताना वारला.